विश्लेषण : एकाच पिंपातली व्हिस्की, ९० गुण आणि चाकणची मोजपट्टी

चाकणच्या एखाद्या लाइनवर एकाच ड्रॉइंगचे दोन सुटे भाग वेगवेगळे निघाले, तर संध्याकाळपर्यंत गुणवत्ता विभागाला त्याचे कारण लिहून द्यावे लागते. सिंगल कास्क व्हिस्कीचा धंदा बरोबर याच्या उलट चालतो. एकाच दिवशी एकाच डिस्टिलरीत तयार झालेला अर्क दोन पिंपांत भरला आणि काही वर्षांनी दोन्हींची चव वेगळी लागली, तर तिथे कुणी लाल टॅग लावत नाही. उलट पिंपाचा नंबर लेबलवर छापून बाटलीची किंमत वाढवली जाते.

फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांच्यासारख्या कंपन्या चाकणला आल्यापासून या पट्ट्यातल्या इंजिनीअरांना परदेश दौरे नवे राहिलेले नाहीत. परतताना प्रत्येकी दोन लिटर मद्य विनाशुल्क आणण्याची मुभा असते आणि बरेच जण ती वाया घालवत नाहीत. मग वाकड, रावेत किंवा पिंपळे सौदागरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये शनिवारी बाटली निघते. ती उघडण्याआधी कुणीतरी मोबाइलवर तिचे गुण शोधतो. एका ठिकाणी ९३ सापडतात, दुसऱ्या ठिकाणी ८५. कोणते खरे, यावर निम्मी संध्याकाळ जाते. हा वाद चवीचा वाटतो, पण तो मोजमापाचा आहे. आणि मोजमापाचे शास्त्र पिंपरी-चिंचवडला बाहेरून शिकायची गरज नाही.

‘सिंगल माल्ट’ आणि ‘सिंगल कास्क’ यांत फरक काय?

सिंगल माल्ट म्हणजे मोड आणलेल्या बार्लीपासून, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये तयार झालेली व्हिस्की. यातला ‘सिंगल’ हा शब्द डिस्टिलरीला लागू आहे, पिंपाला नाही. बाजारात मिळणारी ‘१२ वर्षे’ लिहिलेली सिंगल माल्ट अनेक पिंपांतला माल एकत्र करून भरलेली असते आणि लेबलवरचे वय त्यातल्या सर्वांत कोवळ्या पिंपाचे असते. गेल्या वर्षीची बाटली आणि यंदाची बाटली सारखीच लागावी, हे ब्लेंडरचे काम. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर हे प्रोसेस कंट्रोल आहे.

सिंगल कास्कमध्ये हे मिसळणे नसते. एक ओकचे पिंप उघडायचे, त्यात जे असेल ते बाटल्यांत भरायचे आणि पिंप रिकामे झाले की विषय संपला. बहुतेक वेळा त्यात पाणी घालत नाहीत, त्यामुळे मद्याचे प्रमाण ५० ते ६० टक्क्यांच्या घरात असते. रंगासाठी कॅरॅमल आणि थंड करून गाळणे या दोन्ही गोष्टी सहसा टाळलेल्या असतात. ४६ टक्क्यांखालची न गाळलेली व्हिस्की बर्फ टाकल्यावर गढूळ दिसू शकते. तो दोष नाही, पण ग्राहक तक्रार करतो म्हणून कंपन्या गाळतात आणि गाळताना थोडी चवही जाते.

गंमत म्हणजे २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांत स्कॉचचे पाच प्रकार ठरवून दिलेले आहेत. सिंगल माल्ट, सिंगल ग्रेन, ब्लेंडेड माल्ट, ब्लेंडेड ग्रेन आणि ब्लेंडेड. ‘सिंगल कास्क’ हा त्यांत सहावा प्रकार नाही. त्यामुळे हे शब्द छापणाऱ्याने पुढे काय काय छापले आहे ते बघावे लागते : पिंपाचा नंबर, अर्क कधी काढला, बाटलीत कधी भरला, एकूण बाटल्या किती, मद्याचे प्रमाण किती. सुट्या भागाच्या पेटीवर लॉट नंबर नसेल तर स्टोअरवाला ती आत घेत नाही. इथेही तोच नियम लावायला हरकत नाही.

आपल्या जवळचे उदाहरण कोणते?

स्कॉटलंडपर्यंत जायची गरज नाही. दक्षिण गोव्यात, सासष्टी तालुक्यातले कुंकळ्ळी हे गाव १५८३ मध्ये पोर्तुगिजांविरुद्ध झालेल्या उठावासाठी इतिहासात नोंदलेले आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत जॉन डिस्टिलरीज या कंपनीचा माल्ट व्हिस्कीचा कारखाना आहे. मूळ कंपनी बेंगळूरुची, संस्थापक पॉल पी. जॉन, आणि व्हिस्की बनवण्याची जबाबदारी मास्टर डिस्टिलर मायकल डिसूझा यांची. धुक्यातली दरी, मेंढ्या, दगडी गोदाम असे चित्र डोळ्यांपुढे असेल तर इथे निराशा होईल. वातावरण आपल्या एमआयडीसीचेच आहे.

या कंपनीने २०१२ मध्ये ब्रिटनच्या बाजारात पहिले पाऊल टाकले, ते नेहमीची सिंगल माल्ट घेऊन नव्हे. तिने आणले ते एकच पिंप : ‘सिंगल कास्क १६१’, ५७ टक्के मद्य. नवख्या कंपनीने असे करणे धाडसाचे होते, कारण एका पिंपात काही लपवता येत नाही. मिसळायला दुसरे पिंप नसते आणि पाणी घालून धार कमी करायची नसते.

भारतीय सिंगल माल्टची वाट त्याआधी बेंगळूरुच्याच ‘अमृत’ने पाडली होती. २००४ मध्ये या कंपनीने आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन सादर केली. चालवणारे कुटुंब जगदाळे. आडनाव आपल्याला ओळखीचे वाटेल. महाराष्ट्रातही नाशिक जिल्ह्यात दिंडोरी येथे पर्नो रिकार कंपनीची ‘लाँजिट्यूड ७७’ ही सिंगल माल्ट तयार होते. इथे एक गोष्ट सांगायला हवी. देशात ‘व्हिस्की’ म्हणून जे खपते त्यातला फार मोठा हिस्सा मळीपासून किंवा इतर धान्यापासून काढलेल्या स्पिरिटवर आधारलेला असतो. युरोपात मळीच्या स्पिरिटला व्हिस्की म्हणता येत नाही. त्यामुळे वरची नावे भारतीय व्हिस्कीचा नमुना नव्हेत, अपवाद आहेत.

एका पिंपातून बाटल्या किती निघतात?

लाकूड श्वास घेते. दरवर्षी पिंपातला थोडा माल हवेत उडून जातो. स्कॉटलंडमध्ये त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. तिकडे हे प्रमाण वर्षाला साधारण २ टक्के धरतात. गोव्यात ते ८ टक्क्यांच्या आसपास आणि बेंगळूरुत १० ते १२ टक्के सांगितले जाते. अमृतने २०१३ मध्ये आठ वर्षे मुरलेल्या एका व्हिस्कीचे नावच ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरट देवदूत, असे ठेवले. तिच्या बाटल्या निघाल्या फक्त १४४.

ढोबळ गणित करून पाहू. अमेरिकी बर्बनचे जुने पिंप सुमारे २०० लिटरचे असते. (बर्बनसाठी नवेच जाळलेले ओक पिंप वापरायचे, असा अमेरिकेचा कायदा आहे. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे जगभर विकली जातात आणि गोव्यापर्यंत पोहोचतात.) वर्षाला २ टक्के घट धरली तर सहा वर्षांनी १७७ लिटर उरतात, म्हणजे ७०० मिलिलिटरच्या सुमारे २५० बाटल्या. वर्षाला ८ टक्के घट धरली तर उरतात १२१ लिटर, म्हणजे सुमारे १७० बाटल्या. किमतीतला एक भाग इथेच आहे.

पण उष्णता नुसती चोरी करत नाही. ती लाकडातला रसही लवकर ओढून आणते. म्हणून सहा-सात वर्षांची भारतीय माल्ट चवीला तिच्या वयापेक्षा प्रौढ लागते आणि जास्त थांबली तर लाकडाच्या तुरटपणाखाली दबून जाते. दमट हवेत पिंपातले मद्य पाण्यापेक्षा जास्त उडते आणि जोर उतरत जातो. कोरड्या हवेत पाणी जास्त उडते आणि जोर टिकतो किंवा चढतोही. गोदामातली जागा, पिंपाचे आधीचे आयुष्य, लाकडाची जाडी या सगळ्यांचा परिणाम पडतो. म्हणून १६१ नंबरच्या पिंपाला कुणी दिलेले गुण त्याच कंपनीच्या दुसऱ्या नंबरच्या पिंपाला लागू होत नाहीत. मोबाइलवर गुण शोधणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक हीच : नाव जुळले की गुण जुळले असे ते धरून चालतात. नंबर जुळला पाहिजे.

ही ओळख नंबरापुरतीच ठेवणारी एक संस्थाही आहे. एडिंबरामध्ये १९८३ साली सुरू झालेली स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी एकेका पिंपाच्या बाटल्या सदस्यांना विकते आणि लेबलवर डिस्टिलरीचे नाव न छापता संकेतांक छापते. पहिला आकडा डिस्टिलरीचा, टिंबानंतरचा पिंपाचा. १ म्हणजे ग्लेनफार्क्लस. कुंकळ्ळीच्या पॉल जॉनला मिळालेला आकडा १३४. नाव बघून चव ठरवू नये, हा त्यामागचा विचार. अर्थात आज हे संकेतांक सगळ्यांना पाठ असतात, तो भाग वेगळा.

शंभरपैकी गुण देण्याची पद्धत कशी चालते?

व्हिस्कीला शंभरपैकी गुण देण्याची सवय रुळवण्यात ब्रिटिश लेखक मायकल जॅक्सन यांचा वाटा मोठा आहे. गायक नव्हे, हे यॉर्कशरचे आणि बिअर व व्हिस्कीवर लिहिणारे. त्यांचे ‘माल्ट व्हिस्की कम्पॅनियन’ १९८९ मध्ये आले. पुढे जिम मरे यांच्या ‘व्हिस्की बायबल’ने हे आकडे थेट बातम्यांत आणले. मरे चार भागांत गुण देतात : वास, चव, शेवटी रेंगाळणारी चव आणि तोल. प्रत्येकाला २५. त्यांच्या २०१० च्या आवृत्तीत ‘अमृत फ्यूजन’ला ९७ गुण आणि जगात तिसरा क्रमांक मिळाला, तेव्हा भारतीय माल्टकडे जगाचे लक्ष वळले. २०२१ च्या आवृत्तीत पॉल जॉनच्या ‘मिथुना’लाही ९७ गुण आणि तिसरा क्रमांक मिळाला.

कागदावर मोजपट्टी ० ते १०० असते. वापरात मात्र ती ७५ ते ९५ एवढीच उरते. म्हणजे खरी लांबी वीस घरांची. त्यात ८८ आणि ९० यांतला फरक ग्राहकाला मोठा वाटतो, कारण शाळेपासून नव्वदी हा आपल्याकडे भावनेचा विषय आहे.

शिवाय मोजणाऱ्यांच्या पद्धतीही सारख्या नाहीत. मरे पाणी न घालता, ग्लास हाताच्या उबेत ठेवून चाखतात. डिस्टिलरीतले ब्लेंडर मात्र नमुना पाण्याने २० टक्क्यांपर्यंत उतरवतात आणि बहुतेक वेळा नुसता हुंगतात, पीत नाहीत. एकच भाग एकाने मायक्रोमीटरने आणि दुसऱ्याने पट्टीने मोजला, तर आकडे कसे जुळणार?

जिभेची ‘गेज आर अँड आर’ केली तर?

या पट्ट्यातल्या कुठल्याही ऑटो सप्लायरकडे ‘गेज आर अँड आर’ हा शब्द कानावर पडतोच. भाग मोजण्याआधी मोजण्याची पद्धतच तपासायची, ही त्यामागची साधी कल्पना. एकाच माणसाने तोच भाग पुन्हा मोजला तर तोच आकडा येतो का, हा पहिला ‘आर’. वेगवेगळ्या माणसांनी तोच भाग मोजला तर आकडे जुळतात का, हा दुसरा. मोजमापातली चूक एकूण फरकाच्या १० टक्क्यांखाली असेल तर पद्धत चांगली, १० ते ३० असेल तर कामापुरती, ३० च्या वर गेली तर नापास, असा वाहन उद्योगातला सर्वमान्य अंदाज आहे.

जिभेची अशी परीक्षा कुणी घेतली का? वाइनच्या बाबतीत घेतली. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीन वेगळ्या ग्लासांतून दिली. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : स्वतःच्याच निकालावर ठाम राहणारे परीक्षक साधारण दहातले एक निघाले. बाकीच्यांचे त्याच वाइनचे निकाल वर-खाली होत राहिले. आणि हे सराव असलेले परीक्षक होते. व्हिस्कीत मद्याचे प्रमाण वाइनच्या चौपट असते, त्यामुळे जीभ बधिर होणे आलेच.

यावरून गुण निरुपयोगी ठरत नाहीत. गुणाला ‘अधिक-उणे’ जोडून वाचायला हवे, इतकेच. तुमच्या स्वतःच्या जिभेचा अधिक-उणे किती, हे काढायला प्रयोगशाळा लागत नाही. तीन बाटल्या, तीन माणसे, सहा ग्लास. प्रत्येक व्हिस्की दोनदा, चिठ्ठीवरच्या नंबराने, कुठला ग्लास कुणाचा हे फक्त न चाखणाऱ्या चौथ्याला ठाऊक. प्रत्येक ग्लासात १० मिलिलिटर पुरेत. समजा, तुम्ही एकाच व्हिस्कीला एकदा ८४ आणि एकदा ८९ दिले. मग तुमच्यासाठी पाचच्या आतल्या फरकाला काही अर्थ नाही, आणि ८६ वाली सोडून ८८ वालीवर दुप्पट पैसे घालण्यालाही नाही. रजिस्टर ठेवणारा माणूस हे एका संध्याकाळी शिकतो.

दुसरी चाचणी याहून कठोर आहे. चव-चाचणीसाठी आयएसओ ४१२० हे मानक आहे, त्याला त्रिकोण चाचणी म्हणतात. तीन ग्लासांपैकी दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिनात एकदा बरोबर येतेच, म्हणून दहा वेळा करायची आणि किमान सात बरोबर आले तरच फरक खरोखर कळतो असे मानायचे. दहा फेऱ्या पीत बसायच्या नाहीत, हुंगून करायच्या. महागड्या आणि मध्यम बाटलीत ही चाचणी लावली की घरात थोडी शांतता पसरते.

प्रत्यक्ष चाखायचे कसे?

ग्लास वर निमुळता हवा. कटिंग चहाचा उभा ग्लाससुद्धा रुंद तोंडाच्या टंबलरपेक्षा बरा. त्यात थोडीशी व्हिस्की घालून दोन-तीन मिनिटे तशीच ठेवावी. नाक एकदम आत घालू नये. ५७ टक्क्यांचा भपका नाकाला काही काळ निकामी करतो. ओठ किंचित उघडे ठेवून ग्लास हनुवटीपासून वर आणला तर वास हळूहळू उलगडतो. पहिला घोट फक्त तोंड तयार करण्यासाठी असतो. गुण दुसऱ्या घोटाला द्यावेत.

पाणी घालावे की नाही, यावर भांडणे होतात. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय गणिताने दाखवले, की धुरकट वासाला कारण असलेला ग्वायाकॉल हा रेणू सौम्य मिश्रणात पृष्ठभागाजवळ गोळा होतो, तर मद्य खूप जास्त असेल तेव्हा आत दडून बसतो. म्हणजे सिंगल कास्कच्या कडक व्हिस्कीत थेंब-थेंब पाणी घालण्याला आधार आहे. आधी तशीच हुंगा, मग अर्धा चमचा पाणी घालून पुन्हा हुंगा आणि दोन्ही नोंदी वेगळ्या लिहा. बर्फ मात्र वास झाकतो. पिण्यासाठी ठीक, मोजण्यासाठी नाही.

जेवण आधी की नंतर? मिसळीवर ताव मारून चाखायला बसणे म्हणजे झिरो सेट न करता व्हर्निअर वापरणे. साधे पाणी, साधी पोळी किंवा पाव, बस.

‘हेदर’ आणि ‘फ्रूटकेक’ आपल्या नाकाला कसे कळणार?

इंग्रजी वर्णनांत हेदरची फुले, मार्मलेड, ख्रिसमस केक, जुने चामडे येत राहतात. ज्याने हेदर कधी पाहिले नाही त्याने ते व्हिस्कीत शोधत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. वास आठवणींतून ओळखला जातो, आणि आपल्या आठवणी वेगळ्या आहेत. मराठीत तर वासाला शब्दांची कमी नाही : खमंग, उग्र, करपट, खवट, आंबूस, कुबट, दर्प, घमघमाट. हे प्रत्येक वेगळे काहीतरी सांगतात.

बर्बनच्या पिंपातली व्हिस्की घ्या. ओकमधल्या लॅक्टोनमुळे तिला खोबऱ्याचा वास येतो. सुक्या खोबऱ्याची वाटी नुकतीच फोडल्यासारखा. व्हॅनिलिनमुळे गोडसर दुधाळपणा येतो, तो बासुंदीच्या जवळ जातो. आंबवताना तयार होणारे एस्टर पिकलेल्या केळ्याचा, कधी फणसाचा वास देतात. शेरीच्या पिंपातली असेल तर मनुका, खजूर, काकवी, थोडे आमसूल. लाकूड जास्त झाले की बाभळीच्या सालीसारखा तुरटपणा जिभेच्या कडांवर बसतो. जुन्या गोदामात ठेवलेल्या गोणपाटाचा वास आला तर तो वाईट असेलच असे नाही. जळालेल्या रबराचा किंवा काडेपेटीचा आला तर गंधकाची शंका घ्यावी.

पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या मातीवर बार्ली वाळवली की येते ती धुरकट व्हिस्की. पहिल्यांदा पिणारा म्हणतो, ‘दवाखान्याचा वास येतोय.’ तो चुकत नाही. आयोडिन, जखमेवरचे टिंक्चर, ओल्या लाकडाची चूल, ऊद, धुनी, सगळे त्यात असते. पीटची तीव्रता फेनॉलच्या ‘पीपीएम’मध्ये सांगतात. चाकणला पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत सदोष किती, आणि तो आकडा शून्याकडे न्यायची धडपड चालते. आयला बेटावरची आर्डबेग मात्र आपले ५५ च्या आसपासचे पीपीएम अभिमानाने सांगते. पण हा आकडा भाजलेल्या बार्लीचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. गाळताना आणि मुरताना तो बराच खाली येतो. म्हणून ५५ ची व्हिस्की ३५ च्या व्हिस्कीपेक्षा जास्त धुरकट लागेलच, असे नाही.

आणि हो, कारखान्यातल्या नाकांना एक वेगळी देणगी असते. कूलंट, ग्रीस, तापलेले ब्रेक लायनिंग, नुकते कातलेले लोखंड हे वास त्यांना डोळे मिटून ओळखता येतात. व्हिस्कीच्या नोंदीत ते लिहायला लाजू नये. समोरच्याला ‘हेदर’पेक्षा ते जास्त कळते.

पुरस्कार मिळालेली बाटली चांगली समजावी का?

२०२३ मध्ये हरियाणाच्या इंद्री व्हिस्कीच्या ‘दिवाळी कलेक्टर्स एडिशन’ला ‘व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड’ स्पर्धेत ‘बेस्ट इन शो, डबल गोल्ड’ मिळाले आणि ‘जगातली सर्वोत्तम व्हिस्की’ अशा बातम्या झळकल्या. व्हिस्की चांगली असू शकते, पण स्पर्धेचा अर्थ तेवढा नसतो. अशा स्पर्धांमध्ये कंपन्या शुल्क भरून आपले नमुने पाठवतात आणि जे आले त्यांतून निवड होते. जे आलेच नाहीत त्यांच्याशी तुलना होत नाही. पदक हे ‘या दिवशी, या टेबलावर’ असे प्रमाणपत्र समजावे.

किंमत उतरणार का?

भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. तो लागू झाल्यावर स्कॉचवरील सीमाशुल्क १५० टक्क्यांवरून ७५ वर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येईल, असे त्यात ठरले आहे. बंदरावर १०० रुपयांची असलेली बाटली शुल्कासह २५० ऐवजी १७५ ला आणि शेवटी १४० ला पडेल. त्यावर राज्याचे कर वेगळे. महाराष्ट्राने २०२१ च्या नोव्हेंबरात आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणले होते. त्यामुळे दुकानातली किंमत सीमाशुल्काच्या प्रमाणात उतरेल अशी अपेक्षा धरू नये. बाटल्यांच्या संख्येत भारत हा स्कॉचचा सर्वांत मोठा ग्राहक आहे. २०२४ मध्ये १९ कोटी २० लाख बाटल्या आल्या. सिंगल कास्क हा त्यातला नगण्य तुकडा. पण मूळ किंमतच जास्त असल्याने शुल्काची सूट सर्वांत ठळक इथे दिसेल.

कायदा आणि तब्येतीचे काय?

महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी वय २५ पूर्ण हवे आणि पिण्याचा परवानाही लागतो. सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये तिकीट लावून टेस्टिंग ठेवायचे असेल तर उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. ‘घरगुती कार्यक्रम’ हे उत्तर तिथे चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले, की मद्याचे कुठलेही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. चाखणाऱ्यांचा घोटाळा बहुतेक वेळा मापात होतो. ५७ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा पेग म्हणजे नेहमीच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ४० मिलिलिटर. तीन पेग म्हणता म्हणता चार होतात आणि मोजणाऱ्याला पत्ता लागत नाही. व्यावसायिक परीक्षक थुंकतात, त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. टेबलावर एक रिकामे पातेले ठेवले की झाले. वाहन चालवताना रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. नाशिक फाट्यावर पोलिसांचे यंत्र समोर आले की ते सिंगल माल्ट आणि क्वार्टर यांत फरक करत नाही. त्या यंत्राचे कॅलिब्रेशन झालेले असते, आपल्या जिभेचे नाही.

उघडलेली बाटली किती दिवस ठेवावी?

बूच निघाले की हवा आत जाते आणि चव सरकू लागते. बाटली भरलेली असताना हे हळू होते, तळाशी एक चतुर्थांश उरली की वेगाने. कडक पीटची धार काही महिन्यांत बोथट होते. काही तुरट बाटल्या मात्र महिन्याभराने मवाळ होऊन जास्त आवडू लागतात. त्यामुळे पहिल्या दिवशीचे गुण आणि दिवाळीतल्या पाहुण्यांसमोरचे गुण वेगळे निघाले तर बाटली बदलली, असा आरोप कुणावर करू नये. उघडल्याची तारीख पेनने लेबलच्या मागे लिहून ठेवावी, आणि गुणांच्या वहीत पिंपाचा नंबर, तारीख, पाणी घातले की नाही आणि बाटली किती भरलेली होती, हे चार रकाने आखावेत. उरलेली व्हिस्की लहान बाटलीत काठोकाठ भरून उन्हापासून दूर, उभी ठेवली तर पुढच्या चाचणीपर्यंत बरीचशी तशीच राहते. आडवी ठेवू नये. कडक मद्याने बूच झिजते आणि पुढच्या वेळी ते फिरवताना निम्मे आत राहते.